टेपकाकूंच्या फार चांगल्या पिशव्या

मटार सोलायला घेतले होते. निम्मे सोलून झाले होते, निम्मे वर्तमानपत्रावर पसरलेले, आणि माझं लक्ष शेंगांपेक्षा गॅसवरच्या दुधाकडे. तेवढ्यात टेपकाकू वर आल्या. बेल नाही, "आहेस का गं" अशी हाक नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पायात चप्पल नाही, हातात कात्री तशीच, गळ्यात टेप.

"माझ्या किती पिशव्या आहेत गं तुझ्याकडे?"

मी म्हटलं, बसा तरी. बसल्या नाहीत. चहा टाकू का विचारलं तर नको म्हणाल्या. काकूंनी चहा नाकारला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे आमच्या इमारतीत लहान पोरालाही कळतं.

"असतील तेवढ्या काढ. बाकीचं मग बोलू."

टेपकाकू आमच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर राहतात. एकट्याच. शिवणकाम करतात. मापं घ्यायचा टेप गळ्यात अडकवला की तो झोपतानाच निघतो, आणि आमच्या सासूबाईंचं म्हणणं, तेव्हाही निघत नसावा. पोरांनी नाव ठेवलं, ते चिकटलं. आता त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवावं लागतं.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तयार कपड्यांच्या कारखान्यात काढली. सुरुवात काजं-बटणांपासून, पुढे तपासनीस झाल्या. शर्ट टेबलावर आला की त्या आधी तो उलटा करत. सुलटी बाजू कुणीही दाखवतं, माणूस काय आणि शिवण काय, आतून बघावी, असं त्यांचं मत आहे, आणि ते त्या कुणालाही, कधीही ऐकवतात. टाका वाकडा दिसला की खडूची फुली मारून तो शर्ट बाजूला. कारखान्यातल्या मुली साहेबाला भीत नसत इतक्या त्या फुलीला भीत. यजमान ट्रक चालवायचे, ते जाऊन बराच काळ झाला. मुलगी लग्न होऊन लांब गेली. ती फोनवर सांगते, आई, आता आराम कर. काकू म्हणतात, आराम कसा करतात ते मला कुणी शिकवलंच नाही, आता या वयात क्लास कुठे लावू?

खरंच येत नाही त्यांना. बोलता बोलता दुसऱ्याच्या बाहीचा सुटलेला दोरा ओढतील, उशीचा अभ्रा सरळ करतील. घरात काही वाया जाऊ देत नाहीत. भाजी धुतलेलं पाणी खिडकीतल्या कुंड्यांना, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशी पुसायला. कापडाच्या चिंध्या उशीत भरायच्या, आणि उशी फाटली की तिचं पायपुसणं. हे सगळं पहिल्यापासूनचं. प्लास्टिकच्या पिशवीशी मात्र त्यांचं वैर नव्हतं. ते पुढे जडलं, आणि तेही त्यांच्या बाथरूममधून.

आमच्या इमारतीच्या मागे एक बोळ आहे. सगळ्यांचे सांडपाण्याचे पाइप तिथे उतरतात. वरच्या मजल्यांवरची आम्ही मंडळी भाजीचा कचरा भाजीच्याच पातळ पिशवीत भरायचो, गाठ मारायचो आणि खिडकीतून खाली सोडून द्यायचो. सफाईवाला उचलतो म्हणून. तो उचलायचाही. पण सगळ्याच पिशव्या काही त्याची वाट बघत थांबत नाहीत. एक दिवस चेंबर तुंबलं आणि सगळ्या घरांतलं खरकटं पाणी काकूंच्या बाथरूमच्या जाळीतून वर आलं, तिथून बाहेरच्या खोलीत, थेट मशीनखाली. गिऱ्हाइकांचे कपडे खाली गाठोड्यात बांधून ठेवलेले होते, ते भिजले. मशीनच्या फळीचं लाकूड फुगलं. एक गिऱ्हाईक तर तेव्हापासून परत आलंच नाही.

सफाईवाल्याने चेंबरमधून ओढून काढलेल्या पिशव्यांचा ढीग बोळात पडला होता. काकूंनी आवाज चढवला नाही. मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही वरून सोडता, त्या माझ्याकडे खालून येतात."

त्या दिवसापासून आमच्याकडे भाज्यांची सालं आणि देठं बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत जातात, वर मूठभर माती. सुरुवातीला चिलटं झाली, सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, मग काकूंनीच येऊन वाळलेला पाला घालायला सांगितलं. पण एका घराने काय होणार? पिशवी येते कुठून ते बंद व्हायला हवं, असं काकूंनी ठरवलं, आणि ती येत होती कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून.

त्याच्याशी त्यांनी बोलणी केली. जुन्या कपड्यांच्या पिशव्या मी शिवून देते, तू दुकानात दांडीवर टांग. ज्याला लागेल त्याने न्यावी, पुढच्या खेपेला परत आणावी. भाजीवाला हसला. पण माणूस समजूतदार आहे. म्हणाला, चालेल काकू, मी प्लास्टिक ठेवत नाही. फक्त संध्याकाळच्या गर्दीला माझी दांडी रिकामी दिसता कामा नये. समोरचा गाडीवाला पातळ पिशव्या फुकट देतो, माझं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जायला किती वेळ लागतो?

काकूंनी शब्द दिला, आणि आज सकाळी दांडी रिकामी होती. भाजीवाल्याने त्यांना तराजूच्या मागे नेऊन एक बंडल दाखवलं. पातळ पिशव्यांचं, नवंकोरं. सोमवारपासून फोडतो म्हणाला. म्हणून काकू चप्पल न घालता वर आल्या होत्या.

मी हात पुसले आणि कपाटाचा खालचा खण उघडला. पिशव्या होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, घडी घालून एकावर एक. प्रत्येकीचा रंग वेगळा. एकीला निळ्या पडद्याचं अस्तर, एकीच्या तोंडाशी वेगळ्या रंगाची बारीक पट्टी, तळाचे कोपरे दुमडून असे शिवलेले की पिशवी जमिनीवर आपली आपण उभी राहावी. बंदांवर आडवे-उभे टाके, एकसारखे, मोजून घातल्यासारखे.

काकू बघत राहिल्या. एक उचलली, सवयीने उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"या वापरल्याच नाहीस तू."

सासूबाई पलंगावरून बोलल्या. त्यांना दिसतं कमी, पण ऐकू मात्र भिंतीपलीकडचंही येतं. "अगं बाई, वापरणार कशी? एवढं सुरेख काम. त्यात मातीचे बटाटे घालायचे? माझ्या उशाशी आहे एक, त्यात चष्मा नि औषधं ठेवते मी. ती मागू नकोस हं, ती माझ्याबरोबर वर जाणार."

"मग भाजी कशात आणता?" काकूंनी विचारलं.

  मटार ज्या पिशवीतून आले होते ती वर्तमानपत्राच्या कडेला पडली होती. पातळ, पांढरी, गाडीवाल्याची. आमचे हे सकाळी फिरून येताना घेऊन आले होते. मी ती पायाने सरकवायला गेले आणि तिने नेमका आवाज केला.

काकूंनी ती बघितली. खणातल्या पिशव्या छातीशी घेतल्या आणि जिना चढायला लागल्या, वरच्या मजल्याकडे. मी दूध बंद केलं आणि मागून गेले. का गेले सांगता येत नाही. त्यांना एकटं जाऊ द्यावंसं वाटलं नाही.

पहिलं दार मास्तरीणबाईंचं. त्यांनी काकूंना हाताला धरून आत नेलं आणि भिंत दाखवली. पिशवी खिळ्याला टांगलेली, तिच्यात वाळलेली फुलं खोवलेली. येणारा-जाणारा विचारतो, कुठून आणली म्हणून. शेजारी बँकेत काम करणारी बाई राहते. तिने एक पिशवी भाचीला वाढदिवसाला दिली होती आणि आणखी दोन मिळतील का असं वर विचारलं. त्यांच्या पलीकडे नवी सून आलेली आहे, तिने आपली सगळी प्रमाणपत्रं काकूंच्या पिशवीत ठेवली होती, म्हणाली, प्लास्टिकच्या फोल्डरपेक्षा बरं ना काकू? म्हणजे तीही तिच्या परीने प्लास्टिक वाचवतच होती. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. एरवी कौतुक ऐकलं की काकू टेपशी चाळा करतात आणि लाजतात. आज प्रत्येक कौतुकागणिक त्यांचा चेहरा उतरत होता.

शेवटचं दार इमारतीच्या सेक्रेटरींचं. त्यांच्या बायकोला रुचलं नाही. दिलेली वस्तू परत मागायची ही कुठली रीत, असं ती म्हणाली, आमच्याकडे बघून नाही, दाराच्या कडीकडे बघून.

"दिली नव्हती," काकू म्हणाल्या. "फिरायला सोडली होती."

दार लागलं. काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदाच बसल्या. मांडीवर पिशव्या, त्यातल्या एकीच्या बंदाचा टाका नखाने चाचपत. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. हिशेब लावत होत्या. कापड संपलंय, खांदा दुखतोय, या परत टांगल्या काय नि नव्या शिवल्या काय, त्याही कुणाच्या तरी खणात जाणार. मग चेंबर, मग मशीन. हे सगळं त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळेना.

खाली आलो तेव्हा सासूबाई उठून बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या हातात खोट आहे बाई. चांगला आहे, हीच खोट. घरात ठेवायची लाज वाटेल अशी पिशवी शिव. दुसऱ्या दिवशी परत येते की नाही बघ."

काकूंना हे झोंबलं. माझ्याकडे न बघता गेल्या. त्या दिवशी खालून मशीनचा आवाज आला नाही. इतर वेळी तो आमच्या फरशीतून येतो, घड्याळाच्या टिकटिकीसारखा, तो असला की कळत नाही आणि नसला की घर मोठं वाटायला लागतं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बसले तरी कान खालीच होते. नामस्मरण ओठांवर आणि मनात सोमवार. मी देवाला म्हटलंसुद्धा, काकूंच्या हातांना जे दिलंस ते त्यांच्यावरच उलटायला लागलंय, आता मार्गही तूच दाखव. मग वाटलं, एका पिशवीसाठी देवाला किती त्रास द्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन सुरू झालं. पण कसं? थोडं चालायचं, थांबायचं. पुन्हा थोडं, पुन्हा थांबायचं. मला राहवेना. खाली गेले तर काकू मशीनवर, समोर कुणाच्या तरी पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या पायजम्याचं कापड, शाईचा डाग पडलेलं. आणि शेजारी उसवलेल्या दोऱ्यांचा पुंजका.

"वाकडी टीप येतच नाही गं मला," त्या म्हणाल्या. "हात आपोआप सरळ होतो."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही, ही माझी चूक.

"हसतेस काय? तुला येतं ना शिवायला?"

मी म्हटलं, काकू, मला पडद्याला दुमड घालता येत नाही, तुम्हीच तर घालून दिलीत.

"तेच म्हणते. तुझं वाकडं जन्मजात आहे. बस इथे."

मी बसले. पायमशीन मला धड चालवता येत नाही, चाक मधेच उलटं फिरतं, दोरा तुटतो. माझी टीप नागमोडी निघाली. कडा दुमडायच्या नाहीत, दोरे लोंबू द्यायचे, अस्तर नाही, दोन बाजू दोन वेगळ्या कापडांच्या आणि एकमेकींशी कसलंच नातं नसलेल्या. काकू माझ्या मागे उभ्या होत्या. उभ्या कसल्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या, खिडकीतून बाहेर बघायच्या, आणि पुन्हा माझ्या खांद्यावरून वाकून बघायच्या. एकदा त्यांचा हात पुढे आला आणि मशीनखालचं कापड सरळ करायला लागला. मग आपणच तो मागे घेतला आणि टेपमध्ये गुंडाळून ठेवला.

"कारखान्यात असतीस तर पहिल्या दिवशी घरी पाठवली असती तुला मी."

पण बंद त्यांनी मला लावू दिले नाहीत. तिथे त्यांनी ऐकलं नाही. दिसायला वाईट असेल, तुटायला वाईट असणार नाही, म्हणाल्या. प्रत्येक बंदावर स्वतः टीप मारली, सरळ, दुहेरी, आणि मग लोखंडी इस्त्री आत घालून पिशवी दारामागच्या खुंटीला टांगून बघितली. पिशवी तग धरून राहिली. दिसायला मात्र अशी, की टांगल्या टांगल्या काकूंनीच तोंड फिरवलं.

वर नेऊन सासूबाईंना दाखवली. त्यांनी हाताने चाचपली, डोळ्यांजवळ धरली. "शी. ही घेऊन मी दारात उभी राहणार नाही."

"झालं तर मग," काकू म्हणाल्या.

सोमवारच्या आत दांडी भरली. भाजीवाल्याने त्या पिशव्या बघितल्या, मग काकूंकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "काकू, तब्येत बरी आहे ना?"

पहिल्या संध्याकाळी काकू दुकानासमोरच्या पानपट्टीपाशी उभ्या राहिल्या. मीही उभी, कोथिंबीर बघण्याचं नाटक करत. लोक दांडीकडे यायचे, पिशवी हातात घेऊन जराशी लांब धरायचे, भाजी भरायचे आणि निघायचे. कुणी कौतुक केलं नाही. कुणी "केवढ्याला" विचारलं नाही. एक बाई तर कुणी बघत नाही ना असं बघून पिशवीचा शाईचा डाग आतल्या बाजूला करून निघाली. काकू पुटपुटल्या, "बंद नीट धर गं. बंद चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी पिशव्या यायला लागल्या. सकाळपासूनच. बँकेतली बाई कामावर जाता जाता देऊन गेली. म्हणाली, घरात ठेवायला जागा नाही. तिच्या घरात जागा आहे, मी बघितलीय. सेक्रेटरींच्या बायकोने तर नोकराच्या हाती पाठवली. आमच्या घरून आमच्या ह्यांनी नेली, आणि परत येताना नवी न घेता भाज्या शर्टाच्या ओच्यात भरून आणल्या, असला अवतार नको म्हणून. कोबी जिन्यात पडला. पण प्लास्टिकची पिशवी आली नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

तसं बघितलं तर काकूंचा शब्द राहिला. भाजीवाल्याने बंडल फोडलं नाही. पण परतही केलं नाही. तराजूच्या मागे ते तसंच आहे, आणि काकू दुकानात गेल्या की त्यांची नजर आधी तिथे जाते, मग दांडीवर. तो म्हणाला, "असू दे काकू, पडून राहील. धंदा आहे." त्याचंही खोटं नाही. समोरचा गाडीवाला अजून फुकट देतोच.

आणि काकूंना चैन पडत नाहीच. काल मी त्यांच्याबरोबर होते. दांडीपाशी गेल्या आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एका पिशवीचा लोंबता दोरा दाताने तोडला. मग दुसरीचा. तिसरीची सुटलेली कड बोटांनी दुमडून बघितली, सुई पदरात होतीच. भाजीवाला तराजूवरून म्हणाला, "काकू, हात लावू नका. सुधारली की जाईल."

त्यांनी हात काढला. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. या मळक्या तुमच्या नाहीतच वाटतं काकू, मला पहिल्यासारखी एक शिवून द्या ना, मी मजुरी देते, असं म्हणाल्या. कापड दाखवलं. सुंदर होतं, जाड, गर्द हिरवं. काकूंनी ते हातात घेतलं, अंगठ्याने पोत बघितला, काठ ताणून बघितला. बराच वेळ बघितला. मग परत दिलं.

"पिशवी नाही शिवत मी आता. झगा शिवा म्हणाल तर शिवते."

घरी येताना त्या भरभर चालत होत्या, मला जवळजवळ पळावं लागलं. जिन्याशी थांबून म्हणाल्या की पायजमे संपले. लोक आणून देतात ते सगळं चांगलंच देतात, जपलेलं, रंगाचं, त्याची पिशवी शिवली की पुन्हा खणातच जाणार. आपल्याला जाड हवं, मळखाऊ हवं, आणि कुणालाही नकोसं असलेलं हवं. तसलं कापड कुठे पडून असतं ते आपल्याला सुचलंय म्हणाल्या. पण चांगलं निघालं तर, ही धास्तीही बोलून दाखवली.

उद्या सकाळी टेपकाकू गादीवाल्याकडे जाणार आहेत, जुन्या गाद्यांच्या फाटक्या खोळी मागायला.